अनुपमा नावाची कोणी नाही

शर्मिष्ठा कर्णिक सरकारी नोकरीत आहे, एवढं सगळ्यांना माहीत होतं. कुठल्या खात्यात, असं कोणी विचारलंच तर ती म्हणायची, "आकडेवारीच्या." तो शब्द ऐकला की माणसं पुढचं विचारत नाहीत, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. आई गेली, तीसुद्धा आपली मुलगी कुठलेतरी तक्ते भरते याच समजुतीत. बोरिवलीला राहणारा धाकटा भाऊ मुकुल तिला चिडवायचा, "काय गं ताई, यंदा देशात कावळे किती?"

खरं तर ती गुप्तचर खात्यात अधिकारी होती. चोविसाव्या वर्षी लागली आणि साठाव्या वर्षी निवृत्त झाली. तिचं भांडवल म्हणजे तिचा चेहरा. तो कोणाच्या लक्षातच राहायचा नाही. तिचे पहिले साहेब म्हणाले होते, "तुला पंगतीत दोनदा जिलबी मिळेल. वाढप्याला आठवणारच नाही." ही कामाची पावती आहे असं समजून ती खूश झाली होती.

एकदा लग्न ठरता ठरता राहिलं. मुलगा चांगला होता, अंधेरीला औषध कंपनीत होता. तिसऱ्या भेटीत त्यानं सहज विचारलं, "तुझा दिवस कसा जातो गं?" तिनं तयार ठेवलेलं उत्तर दिलं. परतताना तिच्या मनात आलं, या माणसाशी जन्मभर तयार उत्तरंच बोलावी लागणार. दुसऱ्या दिवशी तिनंच नकार कळवला. मुलुंड पूर्वेच्या दोन खोल्यांच्या घरात आधी आईबरोबर आणि मग एकटीच ती राहत राहिली.

लवू घाडी तिच्या आयुष्यात आला तो एका निनावी पत्रामुळे. पत्र निनावी होतं, पण लिहिणाऱ्यानं सवयीनं खाली सही केली होती आणि मग ती गिरवून गिरवून खोडली होती. उजेडासमोर धरल्यावर नाव स्वच्छ वाचता आलं. लवू ठाण्यापलीकडच्या एका दगडखाणीत स्फोटकांच्या कोठाराचा राखणदार होता. सुरुंगाच्या कांड्या रोज रजिस्टरवर सही करून द्यायच्या आणि उरलेल्या मोजून परत घ्यायच्या, हे त्याचं काम. त्याच्या सुट्टीच्या दिवसांत कांड्या कमी होतात, असं त्यानं पत्रात कळवलं होतं.

शर्मिष्ठा त्याला पहिल्यांदा भेटली ती घाटकोपरच्या एका हॉस्पिटलमध्ये, बाह्यरुग्ण विभागातल्या बाकावर. दोन अनोळखी माणसं तासभर शेजारी बसली तरी तिथं कोणाला काही वाटत नाही. लवू चौतिशीचा, बुटका, नीट भांग पाडलेला. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते गावी, कणकवलीकडे गेले आणि लवू भटवाडीच्या चढावरच्या खोलीत बायको आणि मुलीबरोबर राहिला.

"पत्र कशाला लिहिलंस?" तिनं विचारलं.

"कुठंतरी फुटेल ना, ताई," तो म्हणाला. "माल माझ्या हातून गेलेला असणार. मग माका झोप येतली काय?"

नियमाप्रमाणे तिनं त्याला खोटं नाव सांगितलं. अनुपमा.

तीन वर्षं दर पंधरवड्याला ते भेटत. लवूनं दिलेल्या माहितीवरून एकदा चोरीचा मोठा साठा पकडला गेला. त्याला बक्षीस देऊ केलं तेव्हा त्यानं हात मागे घेतले. घाबरला की मालवणीवर यायचा, एरवी मुंबईचं बोलायचा. मुलगी ऋतिका शाळेत कुठला धडा पाठ करते, बायको शुभा ओव्हरटाइमवरून कशी भांडते, सगळं सांगायचा. गावाहून आला की कागदात गुंडाळलेली फणसपोळी तिच्या पर्सशेजारी ठेवून निघून जायचा. तिला असं काही आणून देणारं दुसरं माणूस नव्हतं. ती घरी जाऊन पोळीचे बारीक तुकडे करायची आणि ते चांगले महिनाभर पुरवायची.

तेव्हाचे तिचे वरिष्ठ होते देवव्रत सबनीस. हुशार, गोड बोलणारे, घाईत असलेले. मरोळला एका गाळ्यात 'बाजार पाहणी' अशी पाटी लावून त्यांनी वेगळं पथक चालवलं होतं. एका दुपारी त्यांनी शर्मिष्ठाला बोलावलं.

"किरकोळ चोर पकडून काय होणार? माल शेवटी घेतो कोण, ते बघायचंय. एक अख्खी पेटी बाहेर जाऊ दे. आपण मागे राहू."

"सर, असा माल मुद्दाम सोडायचा तर लेखी आदेश लागेल."

"लेखी द्यायचं असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?" ते हसले. "शर्मिष्ठा, इतकी वर्षं झाली तुला. घाबरतेस काय?"

घाबरतेस काय, या प्रश्नाला खात्यात एकच उत्तर असायचं. तिनं तेच दिलं.

लवूला तिनं बाकावर बसून सांगितलं. तो समोरच्या औषधांच्या खिडकीकडे बघू लागला.

"सही माझी असणार, ताई."

"मी आहे ना."

"माका काय होवचा नाय मां?"

"काही होणार नाही, लवू. मी आहे."

पेटी टेम्पोतून निघाली. मागे पथकाच्या दोन गाड्या होत्या. मुलुंड चेकनाक्याला एक ट्रक आडवा झाला होता. बारा मिनिटं गाड्या अडकल्या आणि तेवढ्यात टेम्पो गेला. नऊ दिवसांनी देवनारकडच्या एका बंद शेडमध्ये स्थानिक पोलिसांना अर्धी पेटी सापडली, तीही दुसऱ्याच कामासाठी कुलूप तोडल्यावर. उरलेली अर्धी कुठं गेली ते कोणालाच कळलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं देशात कुठंही स्फोट झाला की शर्मिष्ठा आधी त्यात काय वापरलं होतं ते वाचायची आणि मग किती माणसं गेली ते.

गवगवा झाला. विधानसभेत प्रश्न आला. एवढा माल बाहेर गेला कसा? रजिस्टरवर सही होती लवू घाडीची. त्याला कोठारातूनच उचललं.

लवूनं पहिल्या दिवसापासून एकच सांगितलं. "अनुपमाताईंना विचारा. त्या सरकारी आहेत. त्यांनी सांगितलं म्हणून सही केली." त्यानं फोन नंबर दिला. तो बंद झाला होता. ताई दिसायला कशा, असं विचारलं तर त्याला धड सांगताही येईना. चष्मा आहे, सुती साडी असते, आपल्यासारख्याच दिसतात. पोलीस हसले. पुढं खात्याच्या वतीनं कोर्टात प्रतिज्ञापत्र दाखल झालं, की अनुपमा नावाची कोणी अधिकारी खात्यात नाही आणि कधी नव्हती. शर्मिष्ठानं ते सकाळी पेपरमध्ये वाचलं. वाक्य खरं होतं. तिनं पेपर नीट घडी घालून रद्दीत ठेवला आणि कामावर गेली.

सबनीसांना तिनं गाठलं. "सर, तो आपला माणूस आहे."

"आहेच. म्हणून तर सांगतो, गप्प राहा. पुरावा कच्चा आहे, वर्षभरात सुटेल. आत्ता तू तोंड उघडलंस तर पथक उघडं पडेल, आणि आपली आणखी माणसं आहेत बाहेर, त्यांची वाट लागेल."

आठ दिवसांत तिची गुवाहाटीला बदली झाली. वर्ष संपलं, लवू सुटला नाही. दुसरं संपलं. पाचव्या वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईत परत आल्यावर एकदा ती भटवाडीचा चढ अर्धा चढून गेली. वरून एक बाई दोन्ही हातांत पाण्याचे हंडे घेऊन उतरत होती, बरोबर शाळेच्या गणवेशातली मुलगी. ती शुभा असेल किंवा नसेलही. शर्मिष्ठा कडेला सरकली, त्यांना वाट दिली आणि खाली उतरून आली.

लवू शिक्षा भोगून सुटला तेही तिला कळलं. ती माहिती काढण्यात तरबेज होती. माहिती मिळाल्यावर काय करायचं, तेवढंच तिला ठरवता येत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर दिवस फार लांब झाले. सकाळी फिरायला जायची तेव्हा बागेतल्या बायका आपापल्या नोकऱ्यांच्या गोष्टी सांगायच्या. ही ऐकायची. ऐकण्याचं तिला उत्तम शिक्षण होतं. घरी आली की दार लावायची, आणि कधी कधी संध्याकाळी दूधवाल्याच्या फोनला उत्तर देताना तिला जाणवायचं, आज हा आपला पहिला शब्द.

मग दुसऱ्या एका शहरात तसंच एक प्रकरण उघडकीला आलं. तिथंही सोडलेला माल होता, हरवलेला माल होता आणि तुरुंगात सडलेला एक खबरी होता. त्या माणसाकडं मात्र अधिकाऱ्यानं लिहून दिलेली एक चिठ्ठी निघाली. धागा ओढता ओढता मरोळच्या पथकापर्यंत आला. चौकशी आयोग नेमला गेला. पेपरमध्ये संशयास्पद प्रकरणांची यादी आली. त्यात चौथं नाव लवू घाडीचं होतं. निवृत्त सबनीस टीव्हीवर येऊन शांतपणे म्हणाले, "आमच्या काळात असं काही घडलेलं नाही."

शर्मिष्ठाला कोणी बोलावलं नाही. बोलावणार कसं? अनुपमा नव्हतीच आणि शर्मिष्ठा कर्णिकचा या प्रकरणाशी कागदावर संबंध नव्हता. ती पूर्ण सुरक्षित होती. आठ दिवस तिनं ही सुरक्षितता सोसली. नवव्या दिवशी साडी नेसली आणि दिंडोशीला कोर्टाजवळ असलेल्या गार्गी नाबर या वकीलबाईंच्या ऑफिसात गेली. गार्गी आयोगापुढं लवूची बाजू मांडत होती.

"मी अनुपमा," शर्मिष्ठा म्हणाली.

गार्गी तिशीची होती आणि दमलेली होती. तिनं फाइलीतून मान वर केली. "कोण अनुपमा?"

"लवू घाडीची."

गार्गीनं पेन खाली ठेवलं. "मॅडम, या केसमध्ये मला रोज कोणी ना कोणी येऊन भेटतं. पुरावा आहे काही?"

"नाही. पुरावा राहू नये हेच माझं काम होतं."

"मग मी विश्वास कशावर ठेवायचा?"

शर्मिष्ठानं सांगायला सुरुवात केली. भेटींच्या तारखा, बाकाचा नंबर, पत्राखालची खोडलेली सही, टेम्पोचा रंग, मरोळच्या गाळ्यातली बसण्याची जागा. एकदाही न अडखळता ती पाऊण तास बोलली. इतकं सलग ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. घसा दुखायला लागला.

"तुम्हाला कळतंय ना, तुमच्यावर गुन्हा दाखल होईल?" गार्गी शेवटी म्हणाली. "गोपनीयतेचा कायदा आहे."

"तो कायदा मी नव्या मुलांना शिकवायचे."

"मग इतकी वर्षं कुठं होतात?"

याचं उत्तर तयार नव्हतं. गार्गीनंही ते दुसऱ्यांदा मागितलं नाही.

आयोगाचं कामकाज वांद्र्याच्या एका सरकारी इमारतीत चालायचं. लांब टेबल, पंख्यांचा आवाज, समोर निवृत्त न्यायाधीश. शर्मिष्ठाचा जबाब दोन दिवस चालला. सबनीसांचे वकील उभे राहिले. "रेकॉर्डवर अनुपमा नावाची कोणी नाही."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "ते नाव मी नियमानं घेतलं होतं. ते नाहीच असं सांगणारं प्रतिज्ञापत्रही नियमानंच झालं. लवू घाडीनं मात्र जे सांगितलं ते पहिल्या दिवसापासून खरं होतं. पेटी आम्ही सोडली. त्याच्याकडून सही मी घेतली."

"आपण एकट्या राहता. निवृत्तीनंतर मनावर परिणाम होतो कधी कधी..."

"होतो," ती म्हणाली. "पण टेम्पोचा नंबर बदलत नाही." आणि तिनं नंबर सांगितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लवूला आत बोलावलं. केस पांढरे झाले होते, पण भांग तसाच नीट होता. न्यायाधीशांनी विचारलं, "या बाईंना ओळखता?"

त्यानं बघितलं. फार वेळ बघितलं. तिच्याकडं इतका वेळ कोणीच कधी बघितलं नव्हतं. तिला वाटलं, हा नाही म्हणणार. म्हणू दे, असंही वाटलं.

"होय," लवू म्हणाला. "ह्याच." आणि त्यानं नजर काढून घेतली, ती पुन्हा वळवली नाही.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात ती त्याच्या मागे गेली. जिन्यापाशी एक बाई पर्स पोटाशी धरून उभी होती. ती शुभा असणार. लवू थांबला, पण वळला नाही.

"लवू," ती म्हणाली. पुढं काय म्हणायचं ते तिनं मुलुंडपासून घोकलं होतं.

"ताई, तुमी जिवंत आसास," तो म्हणाला.

तिला कळलं नाही.

"मी समजत होतो, तुम्हाला मारून टाकलं त्यांनी. माझ्यापायी." तो भिंतीशी बोलावं तसा बोलत होता. "आतमध्ये सगळे म्हणायचे, त्या बाईनं तुला फसवलं. मी भांडायचो त्यांच्याशी. म्हणायचो, ताई जिवंत असत्या तर इल्याशिवाय रवल्या नसत्या. दर सर्वपित्रीला पानातला एक घास तुमच्या नावानं बाजूला ठेवायचो मी. दहा वर्षं ठेवला. सुटल्यावर घरी पण ठेवला."

खालून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"खंय रवतास तुमी?" त्यानं विचारलं.

"मुलुंडला."

"मुलुंडला," तो म्हणाला. त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे घाटकोपरहून पाच स्टेशनं." मग तो जिन्याकडं गेला. शुभानं एकदा वळून शर्मिष्ठाकडं पाहिलं आणि दोघं उतरून गेली.

पुढचं सगळं हळूहळू झालं, सरकारी कामं होतात तसं. आयोगाचा अहवाल आला. सबनीसांच्या कामात 'गंभीर त्रुटी' निघाल्या. ते हृदयाच्या आजारानं हॉस्पिटलात होते आणि तिथूनच त्यांनी सर्व आरोप नाकारले. सहा महिन्यांनी वरच्या कोर्टानं लवूची शिक्षा रद्द केली. तो निर्दोष आहे असं न्यायमूर्तींनी भर कोर्टात वाचून दाखवलं. शर्मिष्ठा तिथं नव्हती. गार्गीनं फोन करून सांगितलं, "मॅडम, झालं एकदाचं." मागं कोणीतरी मोठ्यानं रडत होतं. कोण, ते शर्मिष्ठानं विचारलं नाही.

तिच्यावर ठरल्याप्रमाणे गुन्हा दाखल झाला. पासपोर्ट जमा झाला, दर सोमवारी चौकीत हजेरी लावावी लागू लागली. मुकुलचा फोन आला. "ताई, थोडे दिवस इकडे येऊ नकोस. आमच्या मिहिरचं परदेशी जायचं चाललंय, उगाच चौकशा नकोत." मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आईला तरी सांगायचंस गं. ती सगळ्यांना सांगत फिरायची, माझ्या मुलीचं गणित फार चांगलं."

बागेतल्या बायका ती आली की मोठ्यानं गुड मॉर्निंग म्हणायच्या आणि बाक बदलायच्या. तिनं बागेत जाणं सोडलं.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी बेल वाजली. दारात शुभा होती, एकटीच.

"पत्ता वकीलबाईंनी दिला," ती म्हणाली. "ह्यांना माहीत नाही मी आलेय."

शर्मिष्ठानं तिला आत घेतलं, पाणी दिलं. शुभा खुर्चीच्या कडेवर बसली. घर बघून घेतलं तिनं. भिंतीवर एकही फोटो नव्हता.

"माफी मागायला लावायला नाही आले," शुभा म्हणाली. "ती तुमची तुम्ही बघा. मला विचारायचंय. तीन वर्षं हे दर पंधरा दिवसांनी तुम्हाला भेटायचे. मला सांगायचे, ओव्हरटाइम आहे. पकडले गेले तेव्हा चाळीत सगळे म्हणाले, बाईचं लफडं आहे. अनुपमा कोण, अनुपमा कोण. पोरीला शाळेत पोरं चिडवायची. मी ह्यांना जेलमध्ये भेटायला गेले की पहिलं तेच मनात यायचं. विचारलं नाही कधी. आता विचारते तर म्हणतात, जाऊ दे, संपलं. माझं नाही संपलं. तुम्ही सांगा. पहिल्या दिवसापासून."

"काय सांगू?"

"सगळं. काय बोलायचा तुम्ही दोघं?"

शर्मिष्ठा समोर बसली. हॉस्पिटलच्या बाकापासून तिनं सुरुवात केली. कांड्यांचं सांगितलं, पण शुभाला ते नको होतं, म्हणून मग बाकीचं सांगितलं. ऋतिकाला सातचा पाढा येत नव्हता म्हणून लवू कसा काळजीत होता. शुभा रागावली की जेवण वाढून तोंड फिरवून बसते, आणि तशी ती फार चांगली दिसते, असं तो एकदा म्हणाला होता आणि मग लाजून औषधांच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता. शुभाच्या वडिलांचं ऑपरेशन, गावच्या घराची कौलं, ऋतिकाचे कान टोचले तो दिवस.

शुभा ऐकत होती. मध्येच म्हणायची, "तो रविवार नव्हता, शनिवार होता." किंवा, "हे मला माहीतच नव्हतं." एकदा तिनं पदर तोंडाला लावला आणि तशीच बसली. शर्मिष्ठा थांबली. "सांगा, सांगा," शुभा म्हणाली.

ऊन बाल्कनीतून सरकत कोपऱ्यात गेलं तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"एवढं सगळं तुम्हाला ठाऊक होतं आमचं," शुभा म्हणाली. "तरी आला नाहीत."

"नाही आले."

"का?"

"भीती वाटली. आधी खात्याची. मग तुमची. मग इतका उशीर झाला की त्या उशिराचीच."

शुभानं मान हलवली. ते तिला पटलं की नुसतं ऐकू आलं, ते कळलं नाही. ती उठली, चपला घातल्या.

"मी स्टेशनपर्यंत येते," शर्मिष्ठा म्हणाली. "इथले रस्ते जरा वाकडेतिकडे आहेत."

"नको," शुभा म्हणाली. "मी विचारत विचारत जाईन."

शर्मिष्ठा बाल्कनीत आली. खाली शुभा फाटकाबाहेर पडली, क्षणभर थांबली आणि चुकीच्या बाजूला वळली. शर्मिष्ठानं हाक मारायला तोंड उघडलं. तोवर कोपऱ्यावरच्या फुलवालीनं शुभाला काहीतरी सांगितलं, हातानं रस्ता दाखवला, आणि शुभा मागे फिरून, बिल्डिंगकडं न बघता, स्टेशनच्या दिशेनं चालायला लागली.